किती नंबर लावू?

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या कटिंगच्या दुकानात खुर्चीवर बसलं की हा प्रश्न येतोच, आणि निम्मे लोक उत्तर देतात, "लाव नं, बारीक कर." मग कारागीर आपल्या मनाने दोन नंबर लावतो, माणूस घरी येतो आणि बायको दारातच म्हणते, "गोटाच केला काय जी?"

आमच्या गावातलं दुकान बंद झालं तेव्हापासून घरच्यांची कटिंग मीच करतो. दुकान चालवणारा पोरगा पुण्याकडे कंपनीत लागला. त्याचे वडील, आमचे न्हावी काका, आता थकले. दोन पोरं आणि म्हातारे बाबा यांना गाडीवर बसवून तालुक्याला न्यायचं म्हटलं की अर्धा दिवस गेला, आणि सोयाबीन काढणीला आलेलं असताना अर्धा दिवस काढणार कुठून? म्हणून केस कापायची मशीन घेतली. डब्यात मशीनसोबत प्लास्टिकची आठ गार्डं, म्हणजे पात्यावर चढवायची दातेरी टोपणं निघाली, तेलाची बारकी शिशी निघाली आणि एक कागद निघाला, ज्यावर बारीक अक्षरात सगळं काही होतं. कुठलं गार्ड कुणाच्या डोक्याला लावायचं तेवढं नव्हतं. ते हळूहळू डोक्यांवरच कळत गेलं, आणि बरंचसं काकांनी सांगितलं.

आधी नंबरांचं गणित सांगतो, कारण ते एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं. सलूनमधल्या मोठ्या मशीनच्या गार्डवरचा नंबर हा इंचाच्या आठव्या हिश्श्याचा हिशेब आहे. १ नंबर म्हणजे एक अष्टमांश इंच, साधारण ३ मिलिमीटर. २ नंबर म्हणजे पाव इंच, ६ मिलिमीटर. ३ म्हणजे साडेनऊ-दहा. ४ म्हणजे अर्धा इंच, १३ मिलिमीटर. पुढे ५ ला १६, ६ ला १९, ७ ला २२ आणि ८ नंबरला पुरा इंच, २५ मिलिमीटर. विजेवरची ही मशीन अमेरिकेत रुळली. इलिनॉय राज्यातल्या स्टर्लिंग गावच्या लिओ वॉलने १९१९ च्या सुमारास ती बनवली. तिकडे इंच चालतो, म्हणून माप इंचाचं. पाठ करायला सोपं म्हणजे नंबराला तीनने गुणायचं, की मिलिमीटर येतात. वरच्या नंबरांना एखादा मिलिमीटर कमी येतो, पण तेवढ्याने डोक्यावर काही दिसत नाही.

खरा घोळ छोट्या ट्रिमरचा आहे. आठवडी बाजारात, मोबाइलच्या दुकानात, कुठेही मिळणाऱ्या चार्जिंगच्या ट्रिमरला जी गार्डं येतात त्यांच्यावरही १, २, ३, ४ असंच लिहिलेलं असतं, पण ते सरळ मिलिमीटर असतात. म्हणजे तिथला ३ हा सलूनचा १ झाला. आमच्या गल्लीतला कॉलेजचा एक पोरगा सलूनमध्ये नेहमी ३ नंबर सांगायचा. त्याने मित्राच्या ट्रिमरवर तोच ३ लावून घेतला. दहा मिलिमीटरच्या जागी तीन. मामेभावाचं लग्न दोन दिवसांवर होतं, वरातीत टोपी घालून नाचला बिचारा. तेव्हा गार्ड हातात आलं की उलटं करून पाहावं. बहुतेक गार्डांवर नंबराशेजारी किंवा आतल्या बाजूला मिलिमीटर किंवा इंचाचा अपूर्णांक कोरलेला असतो, खरं माप ते. काहीच कोरलेलं नसेल तर मी शाळेची पट्टी लावतो. दात टेकतात तिथून पात्यापर्यंतचं अंतर मोजलं की अंदाज येतो.

मशीन घेताना मी वायरची घेतली. दुकानदार चार्जिंगचीच गळ्यात मारत होता, पण दाढीचा ट्रिमर आणि केसांची मशीन यांत फरक आहे. ट्रिमरचं पातं अरुंद, मोटर नाजूक. दाट केसांत घातला की गुरगुरतो आणि मध्येच बसतो. वायरच्या जड मशीनमध्ये बहुतेक वेळा विद्युतचुंबकावर चालणारी मोटर असते आणि पात्याची ये-जा थेट विजेच्या ५० हर्ट्झवर बांधलेली असते. सेकंदाला पन्नास आवर्तनं, प्रत्येकात दोनदा ओढ, म्हणजे मिनिटाला ६००० वेळा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिकडच्या खोक्यावर ७२०० लिहिलेलं दिसतं. आमच्याकडची अडचण व्होल्टेजची. रब्बीत पंप सुरू झाले की दिवा पिवळा पडतो आणि मशीनचाही जीव जातो. पातं पुरतं सरकत नाही, केस कापायच्या ऐवजी धरून ओढतं, आणि पोरगं खुर्चीतून उठून पळतं. अशा मशीनच्या बाजूला एक स्क्रू असतो, त्याकडे कुणी लक्ष देत नाही. मशीन चालू ठेवून तो हळूच फिरवायचा. एका ठिकाणी खडखड वाजायला लागते. तिथून थोडा मागे घेतला की खडखड थांबते आणि एकसारखी गुणगुण उरते. पात्याला सगळ्यात जास्त जोर तिथेच मिळतो. तरीही कटिंग मी सकाळीच करतो. तेव्हा वीजही धड असते, आणि उजेडाचं कारण पुढे येईलच.

गार्डांचं म्हणाल तर मागे लोखंडी क्लिप असलेली बरी. नुसती प्लास्टिकची वर्षभरात सैल पडतात. गार्ड पुढून अडकवून मागून दाबलं की टक्‌ असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर मागची बाजू किंचित उचललेली राहते, डोक्यावर दाबलं की ती हलते, आणि दोन नंबर म्हणून लावलेलं गार्ड मध्येच कुठे एक नंबरासारखं कापून ठेवतं.

मशीन घेऊन काकांकडे गेलो तेव्हा त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, कानाशी धरली आणि मग लाकडी पेटीतून आपली जुनी हातमशीन काढून तिच्याशेजारी ठेवली. दोन दांड्यांची, लोखंडी, दाबली की कचकच वाजणारी. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाच्या मानेवरचे केस तिने उपटलेले आहेत. पोळ्याच्या आधी काका ती घेऊन घरोघर फिरायचे, आणि मोबदला वर्षाकाठी ज्वारीत मिळायचा.

"हिले काही नंबर नव्हता," ते म्हणाले. "फणी खाली धराची अन् वरतून मशीन फिरवाची. फणी जितकी डोक्शापासून दूर, तितका केस राह्यते. तुयं हे पिलास्टिक म्हंजे थेच हाय. फणीच हाय ते, मशीनले बांधून देल्ली."

गार्डबद्दल याहून नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. गार्ड कापत नाही, केसाला पात्यापासून लांब धरतं. म्हणून ते डोक्याला टेकलेलं असेल तरच नंबर खरा. डोकं गोल आणि गार्ड सपाट, त्यामुळे कानामागे, मानेच्या खळग्यात, कपाळाच्या कोपऱ्यात ते पुरतं टेकत नाही आणि तिथे केस लांब राहतात. तिथे मनगट वळवून गार्डचे दात कातडीवर बसवावे लागतात.

मग काकांनी माझ्या थोरल्याला समोर बसवलं आणि माझी बोटं धरून त्याच्या डोक्यावरून फिरवली. "मशीन हातात घ्याच्या आंधी डोकसं हातात घेत जाय." मागच्या बाजूला, मानेच्या वर जिथे हाड बाहेर येतं तिथे थांबवलं. या हाडाखाली बारीक करायचं, वर जाताना मशीन सोडून द्यायची, नाहीतर डोकं मागून चपटं दिसतं. टाळूच्या मागे भोवरा दाखवला. थोरल्याला एकच आहे, धाकट्याला दोन. भोवऱ्यात केस चहूबाजूंनी फिरलेले असतात. एकाच दिशेने मशीन नेली तर निम्मे केस कापले जातात, निम्मे झोपून राहतात आणि दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर उभे होतात. तिथे मशीन चारही बाजूंनी न्यायची. नंबर फार लहान लावला तर भोवऱ्यात कातडी दिसते, म्हणून तेवढ्या भागात एक नंबर वरचा. मानेवरचे केस तर कुणाचे खालून वर, कुणाचे आडवे, कुणाचे दोन्ही बाजूंनी मध्ये आलेले. बोट उलटं फिरवलं की खरखरीत लागतं. केसाची उलटी बाजू ती, मशीन त्या बाजूने जाते. आणि खोक. थोरला लहानपणी बैलगाडीवरून पडला होता, त्याची दोन बोटांची खोक डाव्या बाजूला आहे, आम्ही विसरूनही गेलो होतो. काकांच्या बोटांना ती लगेच सापडली. "इथं दोनच्या खाली गेला तं पांढरी रेघ दिसन," म्हणाले.

केसाच्या उलट गेलं की गार्डवर लिहिलंय तेवढी लांबी मिळते. केसाच्या सोबत गेलं तर केस झोपतात, गार्डखालून निसटतात आणि एखाद नंबर जास्त लांब राहतात. हे वाईटच असं काही नाही. बाबांच्या डोक्यावर मी मुद्दाम केसाच्या सोबत चालवतो.

आता नंबर निवडायचा तो कसा? इथे एक गोष्ट लक्षात यायला मला वेळ लागला, आणि आता तीच सगळ्यात कामाची वाटते. १ वरून २ वर गेलं की केस दुप्पट होतात, तीनाचे सहा. २ वरून ३ वर गेलं की दीडपट. पण ७ वरून ८ वर गेलं तर बावीसचे पंचवीस, डोळ्याला काही कळत नाही. दोन गार्डांतलं अंतर प्रत्येक वेळी तेवढंच, साधारण तीन मिलिमीटर, पण खालच्या नंबरांत ते अंतर फार मोठं दिसतं. म्हणूनच कंपन्या अर्धा आणि दीड नंबर काढतात, दीड मिलिमीटर आणि साडेचार मिलिमीटरचे, पण साडेसहा नंबर कुणी काढत नाही. तेव्हा वरती ५ लावू की ६ याची चिंता करू नये. बाजूला १ की २, विचार करायचा तो इथे.

मशीनच्या बाजूची दांडी हाही असाच अर्धा नंबर आहे. दांडी वर, म्हणजे पातं बंद, केस बारीक. दांडी खाली, म्हणजे पातं मागे सरकतं, केस थोडे लांब. बिनागार्डाची मशीन दांडी वर असताना मिलिमीटरपेक्षाही कमी ठेवते. दुकानात 'झिरो' म्हणतात ते हेच. दांडी पूर्ण खाली केली की ती जवळजवळ एक नंबराच्या आसपास येते. गार्ड लावल्यावरही दांडीचा असर राहतोच. छापलेली लांबी हवी असेल तर दांडी वर ठेवून काम करायचं. काही लोक दांडी कुठे आहे ते न पाहताच सुरू करतात आणि मग डावी बाजू उजवीपेक्षा दाट का, म्हणून डोकं खाजवत बसतात.

थोरल्याची कटिंग होते ती अशी. आदल्या संध्याकाळी डोक्याला तेल लावायचं नाही, हे आमच्या आईला पटवणं सगळ्यात अवघड काम. तेलकट केस कातडीला चिकटून झोपतात, गार्डात शिरत नाहीत, आणि पात्यात लगदा होतो. सकाळी डोकं धुऊन पूर्ण कोरडं करायचं. ओसरीत स्टूल, गळ्यात जुन्या धोतराचं फडकं, मानेजवळ गमछाची गुंडाळी, म्हणजे केस आत जात नाहीत. केस वाढलेले असतील तर आधी फणीने सरळ करून कैचीने ओबडधोबड कमी करायचे. पहिला नंबर नेहमी मोठा. बाजूला दोन ठेवायचं ठरलं असेल तरी आधी चार फिरवतो. चारवरून दोनवर येता येतं, दोनवरून चारवर यायला वीस-बावीस दिवस लागतात.

वरचा भाग चारने, कपाळाकडून मागे. बाजू दोनने, कानापासून वर, डोक्याचा गोल जिथे सुरू होतो तिथपर्यंत. आता दोनची आणि चारची हद्द दिसायला लागते, दोन वावरांच्या मधल्या धुऱ्यासारखी. धुरा मोडायला मधला नंबर, म्हणजे तीन. तीन लावून त्या रेघेच्या खालून सुरुवात करायची आणि रेघ ओलांडली की मनगट बाहेरच्या बाजूला वळवून मशीन डोक्यापासून सोडायची. मशीन डोक्याला चिकटवून सरळ वर नेली तर रेघ मोडत नाही, फक्त बोटभर वर सरकते. सगळं कसब या सोडण्यात आहे, आणि ते लिहून सांगता येत नाही. काकांनी माझं कोपर धरून ते करवून घेतलं तेव्हा कुठे हाताला कळलं. दोन आणि चारच्या मध्ये तीन न घालता काम उरकणारे पुष्कळ आहेत. त्यांनी कापलेली डोकी बसस्टँडवर मागून ओळखू येतात.

नंतर कानाभोवती आणि मानेच्या खालच्या चार बोटांत एक नंबर, अगदी कडेला बिनागार्डाची मशीन, दांडी अर्धी. कान दुमडून धरायचा. कल्ले मोजायचे ते समोरून, दोन्ही कानांच्या पाळ्यांपाशी एकेक बोट लावून. बाजूने पाहून मोजले तर हमखास एक वर, एक खाली. आणि हे सगळं सकाळच्या तिरप्या उन्हात. ट्यूबलाइटमध्ये वरून उजेड पडतो, धुरा दिसतच नाही. शाळेत गेल्यावर दुसरी पोरं दाखवतात. तिरप्या उजेडात एक केस उभा राहिला तरी त्याची सावली दिसते. शेवटी तळहात उलटा फिरवायचा. डोळ्याला न दिसलेलं हाताला लागतं.

धाकट्याचे केस पातळ आणि भुरे. थोरल्याला जो दोन नंबर दाट दिसतो, तोच धाकट्याला लावला तर कातडी चमकते. दोघांना तीच मशीन, तेच गार्ड, पण नंबर मात्र वेगळे. त्याला बाजूला तीन आणि वर पाच. त्याची तक्रार असते की दादाचं जास्त स्टाइलमध्ये केलं.

बाबांचं प्रकरण निराळं. उन्हाळा लागला की ते म्हणतात, "एकदाचं साफ करून टाक." केस पांढरे, वरती विरळ. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि बाबा दुपट्टा बांधून का होईना, पण वावरात जातातच. एक नंबर लावला तर टाळू उन्हात सोलून निघते. मी वर तीन ठेवतो, केसाच्या सोबत चालवतो, म्हणजे साडेतीन-चारसारखं राहतं. बाजूला दोन. विरळ केसांत वर आणि बाजूला फार फरक ठेवला तर वरचं विरळपण उठून दिसतं, म्हणून एकाच नंबराचं अंतर. त्यांच्या कानावरचे आणि भिवयांचे रानटी केस कैचीनेच. तिथे मशीन नको, कातडी लोंबलेली असते आणि पात्यात सापडते.

गेल्या वर्षी आमचे मोठे काका वारले, तेव्हा दहाव्याला भावकीतल्या सगळ्यांचंच मुंडण झालं. त्या दिवशी मशीनचं काम नसतं, वस्तराच लागतो, कारण बिनागार्डाची मशीनही बारीक खुंट ठेवतेच. पण महिन्याभराने सगळे माझ्याकडे आले. मुंडणानंतर केस सगळीकडे सारखेच वाढतात, आणि सारखे केस कधी सारखे दिसत नाहीत. बाजूचे केस आडवे बाहेर येतात, वरचे झोपतात, त्यामुळे डोकं कानापाशी रुंद दिसतं. वरचे जसे आहेत तसे ठेवून बाजूला दोन आणि कानाखाली एक नंबर फिरवला की चेहरा जागेवर येतो. बाजू वरच्यापेक्षा दोन नंबर कमी, हा नेम म्हणूनच बहुतेकांना बसतो. ज्याचा चेहरा लांबट आहे त्याला एकच नंबर कमी करावा, नाहीतर आणखी लांब दिसतो.

भाचा पुलगावहून येतो. पोलिस भरतीची तयारी करतो, सकाळी रस्त्यावर सोळाशे मीटर पळतो आणि दुपारी फोनवर क्रिकेटपटूंचे केस पाहतो. "मामा, बाजूनं झिरोपासून चढत जाईन असं मार नं," म्हणून त्याने फोटो पुढे केला. यालाच दुकानात फेड म्हणतात. खाली कातडी, वर जाता जाता केस दाट, आणि मध्ये कुठेही रेघ नाही. मी केला, आणि बरा झाला, पण त्याला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. कानाच्या वर बोटभर अंतरावर बिनागार्डाची पहिली रेघ. मग दांडी खाली करून तिच्यावर बोटभर. मग अर्धा नंबर घेऊन या दोघांतली रेघ मोडायची. मग एक, मग दीड, मग दोन. प्रत्येक गार्डाचा पट्टा बोटाएवढाच, आणि प्रत्येक पट्ट्याच्या शेवटी मशीन सोडायची. जिथे रेघ मोडत नाही तिथे तेच गार्ड ठेवून दांडी थोडी हलवायची. अर्धा आणि दीड नंबर नसतील तर फेड करायला जाऊ नये. १ आणि २ च्या मधली दुपटीची उडी नुसत्या हाताने झाकत नाही.

आणि हे टिकतं किती? डोक्याचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे दहा दिवसांत साडेतीन-चार मिलिमीटर. झिरोचा तोवर एक नंबर होऊन जातो, एकचा दोन होतो आणि फेड दिसेनासा होतो. वरच्या चारचे फक्त पाच होतात, कुणाला कळतही नाही. भाच्याला सांगितलं की दर आठवड्याला मामाकडे यायचं असेल तर झिरो, महिन्यातून एकदा यायचं असेल तर खाली दोन. तो म्हणाला, "दर आठवड्याले येतो नं मामा, मामीच्या हातचं जेवणही होते." परीक्षेच्या काळात मात्र तोच दोनवर आला.

मशीनची निगा सोपी आहे पण करावी लागते. कटिंग झाली की ब्रशने केस झाडायचे, मशीन चालू करून पात्यावर तेलाचे दोन-तीन थेंब, वरचं पुसून घ्यायचं. खोबरेल चालत नाही, ते थंडीत थिजतं आणि केसांचा भुगा धरून बसतं. सोबतची शिशी संपली की मी शिलाई मशीनचं पातळ तेल वापरतो, व्यवस्थित चालतं. पातं तापलं की थांबायचं. दोन डोक्यांनंतर ते कानामागे चटका देण्याइतकं गरम होतं. पातं काढून परत बसवायची वेळ आली तर हलणारं पातं स्थिर पात्याच्या किंचित मागे राहिलं पाहिजे. बरोबरीने आलं तर कातडी ओरखडते.

आता शेजारपाजारची पोरंही येतात, पोळ्याच्या आधी तर ओसरीत रांग असते. पैसे घेत नाही, पण एक नियम आहे. डोक्यावर गोल चट्टा, केस तुटलेले, पांढरा कोंडा असं काही दिसलं की मशीन लावायची नाही. तो खवडा असू शकतो. ती बुरशी फणीतून, टॉवेलातून, मशीनमधून एका डोक्यावरून दुसऱ्यावर जाते. डोक्याच्या खवड्याला वरवरचं मलम पुरत नाही, पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्या डॉक्टरच देणार. एका बाईला मी तिचं पोरगं परत घेऊन जायला सांगितलं तर तिला राग आला, चार दिवस बोलली नाही. मग प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या घेऊन आली तेव्हा स्वतःच सांगून गेली. दोन पोरांच्या मध्ये मी पातं स्पिरिटने पुसतो आणि गार्डं साबणाच्या पाण्यात घालून वाळवतो. गार्डं ओली असताना लावायची नाहीत, केस चिकटून बसतात.

सध्या अडलंय ते दोन नंबरापाशी. तेच सगळ्यात जास्त चालतं, आणि धाकट्याने स्टुलावरून पाडून त्याचा कडेचा एक दात मोडला. दात मोडलेलं गार्ड लावायचं नसतं, तेवढ्या फटीतून केस थेट पात्यापर्यंत जातात आणि बरोबर एक टकलाची रेघ पडते. सुटं गार्ड आर्वीत मिळालं नाही. दुसऱ्या कंपनीचं एक मिळालं, पण ते आमच्या पात्यावर बसवलं तर पट्टीवर साडेसात भरलं. नवीन संच येईपर्यंत थोरल्याला दीड आणि तीनवर भागवतो आहे. दीड लावताना दांडी पूर्ण खाली.